सलाह-महरेझविना चषक: २०२१ च्या अरब स्पर्धेतील संघनिवडीचे प्रकरण

३० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर २०२१ या काळात कतारमधील सहा मैदानांवर अरब देशांच्या सोळा राष्ट्रीय संघांमध्ये अरब चषकाचे ३२ सामने झाले. स्पर्धेवर फिफाची मोहोर होती, बक्षिसांची एकूण रक्कम अडीच कोटी डॉलरच्या वर होती आणि त्यातले ५० लाख डॉलर एकट्या विजेत्याला मिळणार होते. असे असूनही लिव्हरपूलचा मोहम्मद सलाह इजिप्तकडून, मँचेस्टर सिटीचा रियाद महरेझ अल्जीरियाकडून आणि पॅरिसच्या क्लबात खेळणारा अश्रफ हकीमी मोरोक्कोकडून एक मिनिटही खेळला नाही. तिघांपैकी कोणालाही दुखापतीने घरी बसवले नव्हते. अडचण तारखांची होती.

फिफाच्या नियमानुसार ठरावीक आंतरराष्ट्रीय तारखांना आणि खंडीय अजिंक्यपद स्पर्धांना क्लबने आपला खेळाडू राष्ट्रीय संघासाठी सोडलाच पाहिजे. या तारखांना फुटबॉलच्या परिभाषेत ‘विंडो’ म्हणतात. विंडोबाहेर मात्र खेळाडू सोडायचा की नाही, हे क्लबच्या मर्जीवर असते. डिसेंबर हा युरोपातील लीगचा ऐन भराचा महिना, आणि इंग्लंडमध्ये तर नाताळच्या आसपास सामन्यांची रीघच लागते. त्यात ९ जानेवारी २०२२ पासून कॅमेरूनमध्ये आफ्रिका चषक सुरू होणार होता आणि त्यासाठी या खेळाडूंना सोडणे क्लबांवर बंधनकारक होते. महिनाभराने जो खेळाडू सक्तीने द्यावाच लागणार, तो आधी राजीखुशीने कोण देणार?

त्यामुळे सहभागी देशांच्या महासंघांपुढे एकच प्रश्न उभा राहिला. आपला सर्वोत्तम संघ मिळणार नाही हे उघड असताना पाठवायचा तो संघ कोणता? या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी दिलेली उत्तरे आणि मैदानावर त्यांचे जे झाले ते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

स्पर्धा अशा तारखांना का आली

अरब चषक ही काही नवी कल्पना नव्हे. १९६३ मध्ये बैरूतमध्ये पाच संघांची पहिली स्पर्धा झाली आणि ती ट्युनिशियाने जिंकली. त्यानंतर १९६४, १९६६, १९८५ आणि १९८८ अशी चार विजेतेपदे इराकने मिळवली. हा विक्रम आजही कोणाला मोडता आलेला नाही. परंतु स्पर्धेला नियमितपणा कधीच लाभला नाही. युद्धे, राजकीय रुसवेफुगवे आणि पैशाची चणचण यांमुळे ती मध्येच दहा-दहा, वीस-वीस वर्षे गायब होत असे. २००२ नंतर एकदम २०१२ मध्ये, सौदी अरेबियात, ती पुन्हा भरली आणि मोरोक्कोने ती जिंकली. त्यापुढे नऊ वर्षे पुन्हा शांतता.

२०२१ मध्ये तिला फिफाने हाताशी धरले, त्यामागे अरब फुटबॉलच्या प्रेमाइतकीच व्यावहारिक गरज होती. विश्वचषकाच्या आदल्या वर्षी यजमान देशात कॉन्फेडरेशन्स चषक भरवून मैदाने आणि व्यवस्था तपासण्याची पद्धत रशियातील २०१७ च्या स्पर्धेनंतर बंद झाली होती. २०२२ च्या विश्वचषकाच्या यजमान कतारला रंगीत तालीम तर हवी होती, आणि ती उन्हाळ्यात घेणे शक्य नव्हते. विश्वचषकच मुळी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ढकलला होता, तेव्हा तालीमही त्याच हवेत, त्याच तारखांच्या आसपास व्हायला हवी होती. अल खोर येथील अल बैत आणि जहाजी कंटेनरांतून उभारलेले स्टेडियम ९७४ (त्याचे आधीचे नाव रास अबू अबूद) ही दोन मैदाने याच स्पर्धेच्या पहिल्या दिवशी खुली झाली. अर्धस्वयंचलित ऑफसाइड यंत्रणाही येथे तपासली गेली. पुढे विश्वचषकाच्या उद्घाटनाच्या सामन्यात इक्वेडोरचा पहिलाच गोल तिने रद्द ठरवला, तोही याच अल बैतवर. थोडक्यात, तारखा यजमानाच्या सोयीने ठरल्या आणि त्यांची किंमत महासंघांनी मोजायची होती.

तेवीस देशांना बोलावणे गेले. क्रमवारीतले वरचे नऊ थेट पात्र ठरले आणि उरलेल्या चौदांसाठी जून २०२१ मध्ये दोह्यात एकेका सामन्याची पात्रता फेरी झाली. दक्षिण सुदानचा संघ कोरोनामुळे उतरू शकला नाही आणि जॉर्डनला न खेळताच पुढची चाल मिळाली.

एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे

सौदी अरेबियाने सरळ तरुण मुलांचा संघ पाठवला. त्यांचा मुख्य संघ विश्वचषकाच्या पात्रता गटात आघाडीवर होता आणि त्याला या भानगडीत ओढण्याची महासंघाची इच्छा नव्हती. जॉर्डनविरुद्ध ०-१, पॅलेस्टाइनशी १-१ आणि मोरोक्कोविरुद्ध ०-१ अशा निकालांनंतर हा संघ साखळीतच बाहेर पडला. नाचक्की झाली असे म्हणणारे पुष्कळ निघाले. वर्षभराने मुख्य संघाने विश्वचषकात लुसैलच्या मैदानावर अर्जेंटिनाला २-१ ने हरवले, तेव्हा या नाचक्कीची आठवणही कोणी काढली नाही. सौदी महासंघाने स्पर्धेला जितके महत्त्व द्यायचे ठरवले होते तितकेच दिले, आणि या निर्णयात निदान स्पष्टपणा होता.

कतारपुढे हा प्रश्नच नव्हता. त्यांचे सगळे खेळाडू देशातल्याच क्लबांत खेळत होते. २०१९ च्या आशिया चषकाचा विजेता संघ, प्रशिक्षक फेलिक्स सांचेझ यांच्यासह, जसाच्या तसा हजर होता. साखळीतले तिन्ही सामने त्यांनी जिंकले आणि उपांत्यपूर्व फेरीत संयुक्त अरब अमिरातीला ५-० ने धुतले. पाचही गोल मध्यंतरापूर्वीच झाले होते. अल बैतवर त्या दिवशी ६३,४३९ प्रेक्षक होते. या आकड्याला पार्श्वभूमी आहे. २०१७ मध्ये सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले होते आणि जानेवारी २०२१ मध्ये अल उलाच्या परिषदेत ते पूर्ववत झाले. मधल्या काळात, २०१९ च्या आशिया चषकात, अबू धाबीच्या मैदानावर कतारच्या खेळाडूंवर चपला-बूट फेकले गेले होते. आता कतार आणि अमिराती या दोन्ही देशांची राष्ट्रगीते दोह्यापासून जवळच निर्विघ्न वाजली. पूर्ण संघ आणि घरचे मैदान यांमुळे आलेला आत्मविश्वास मात्र फसवा होता, हे पुढे दिसेल.

इजिप्त आणि ट्युनिशिया यांनी मधला मार्ग धरला. इजिप्तचे नवे प्रशिक्षक कार्लोस कैरोज यांनी अल अहली आणि झमालेकसारख्या देशी क्लबांतल्या खेळाडूंवर संघ बांधला. ट्युनिशियाला मँचेस्टर युनायटेडचा अठरा वर्षांचा हन्निबाल मेजब्री मिळाला. तो युरोपातून आला खरा, पण क्लबच्या पहिल्या संघात त्याची जागा पक्की झालेली नव्हती, आणि अशा खेळाडूला सोडताना क्लबला फारसा विचार करावा लागत नाही. विंडोबाहेरच्या स्पर्धेचे गणित या एका उदाहरणात पुरते कळते. झमालेककडून खेळणाऱ्या सैफुद्दीन जझिरीने चार गोल करून स्पर्धेत सर्वाधिक गोलांचा मान मिळवला.

मोरोक्कोने वेगळी वाट निवडली. आफ्रिकेत ‘चान’ नावाची एक खास स्पर्धा आहे, तीत फक्त आपल्याच देशातील लीगमध्ये खेळणाऱ्यांना उतरता येते. हुसेन अमूता यांच्या मार्गदर्शनाखाली मोरोक्कोने २०२१ च्या सुरुवातीला ती जिंकली होती. वाहिद हलिलहोजिच यांच्या मुख्य संघाला हात न लावता अमूतांचाच संघ, थोडी भर घालून, दोह्यात आला. त्याने पॅलेस्टाइनला ४-०, जॉर्डनला ४-० आणि सौदीला १-० ने हरवले. तीन सामन्यांत नऊ गोल केले, एकही खाल्ला नाही. साखळी संपली तेव्हा विजेतेपदाचा दावेदार कोण, याविषयी फारशी चर्चा उरली नव्हती.

अल्जीरियाचा तोडगा

अल्जीरियानेही मुख्य प्रशिक्षक जमाल बेलमादी यांना बाजूला ठेवले आणि काम माजी बचावपटू मजीद बुगेरा यांच्याकडे दिले. बुगेरा देशी खेळाडूंच्या दुसऱ्या संघाचे प्रशिक्षक होते आणि अल्जीरियातच होणाऱ्या पुढच्या चान स्पर्धेची तयारी करत होते. येथवर मोरोक्कोशी साम्य आहे. फरक पडला तो पुढच्या पायरीला.

२०१९ मध्ये कैरोत आफ्रिका चषक जिंकणाऱ्या अल्जीरियन संघातले काही महत्त्वाचे खेळाडू तोपर्यंत युरोपात नव्हते. यासीन ब्राहिमी पोर्तो सोडून कतारच्या अल रय्यानमध्ये, बगदाद बुनेजाह अल सद्दमध्ये, युसेफ बेलायली आणि जमाल बेनलामरी कतार एससीमध्ये, तर गोलरक्षक रईस म्बोल्ही सौदीच्या अल इत्तिफाकमध्ये खेळत होते. बुनेजाहच्याच गोलने कैरोतली ती अंतिम लढत सेनेगलविरुद्ध निकाली निघाली होती. युरोपातील लीगच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांना ही मंडळी उतरणीला लागलेली वाटत होती. पण अरब चषकासाठी त्यांच्याइतके सोयीचे कोणीच नव्हते. त्यांचे क्लब त्यांना सोडायला तयार होते. कतारमध्ये खेळणाऱ्या चौघांना तर मैदाने, हवा आणि प्रतिस्पर्धी कतारी खेळाडू अंगणासारखे परिचित होते. बुगेरांनी देशी लीग, ट्युनिसचा एस्पेरान्स क्लब आणि आखाती लीग यांतले खेळाडू एकत्र केले आणि त्या संघाच्या मध्यभागी या पाच आफ्रिका-विजेत्यांना बसवले.

मोरोक्कोचा संघ एकजिनसी होता, तर अल्जीरियाचा संघ जोडकाम होते. कागदावर मोरोक्कोचे उत्तर अधिक नीटनेटके दिसते, आणि साखळीत ते तसेच ठरले. अल्जीरियाने सुदानला ४-० आणि लेबनॉनला २-० ने हरवले, पण इजिप्तशी १-१ अशी बरोबरी झाली. दोघांचे गुण सात, केलेले गोल सात, खाल्लेला गोल एक. तराजू अगदी काट्यावर! शेवटी पिवळ्या-लाल कार्डांच्या हिशेबात इजिप्त सरस ठरला आणि गटात पहिला आला. इजिप्तच्या वाट्याला जॉर्डन आला. अल्जीरियाला मात्र ११ डिसेंबरला अल थुमामा मैदानावर मोरोक्कोशी भिडावे लागले.

या सामन्याचे राजकीय ओझे मोठे होते. दोन्ही देशांमधली सीमा १९९४ पासून बंद आहे आणि ऑगस्ट २०२१ मध्ये अल्जीरियाने मोरोक्कोशी राजनैतिक संबंधही तोडले होते. मैदानावर त्याची झळ फारशी दिसली नाही. दिसला तो अतिशय चुरशीचा सामना. ब्राहिमीने ६२ व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला आणि दोनच मिनिटांत मोहम्मद नाहिरीने बरोबरी साधली. जादा वेळेत, १०२ व्या मिनिटाला, बेलायलीने छातीवर चेंडू घेतला आणि सुमारे ४० मीटरवरून थेट गोलरक्षकाच्या डोक्यावरून जाळ्यात टाकला. बद्र बेनूनने तोही फेडला. २-२ नंतर पेनल्टी शूटआउटमध्ये अल्जीरिया ५-३ ने जिंकला.

बेलायलीचा तो गोल दैवाचा कौल होता, संघनिवडीचा नव्हे, असे कोणी म्हणू शकेल. मला तसे वाटत नाही. मोरोक्कोचा संघ तीन सामने सहज जिंकून आला होता. तो प्रथमच अडचणीत आला, तेव्हा एका फटक्यात सामना फिरवू शकणारा माणूस प्रतिस्पर्ध्याकडे होता. शूटआउटमध्ये म्बोल्हीसारखा गोलरक्षक उभा असणे हासुद्धा निवडीचाच भाग आहे. घट्ट बांधलेला संघ साखळीत गुण मिळवून देतो, पण बाद फेरीच्या शेवटच्या वीस मिनिटांत मोठ्या सामन्यांची सवय अधिक कामी येते. बुगेरांच्या तोडग्याने दोन्हींची सांगड घातली होती.

१५ डिसेंबरची कतारविरुद्धची उपांत्य लढत याच मैदानावर झाली, आणि तिचा शेवट आजही चर्चेत निघतो. बेनलामरीच्या गोलने अल्जीरिया पुढे होता. पंचांनी नऊ मिनिटांची भरपाई वेळ जाहीर केली. तिच्या सातव्या मिनिटाला मोहम्मद मुन्तारीने कतारला बरोबरी साधून दिली आणि मैदान दणाणून गेले. मग अल्जीरियाला पेनल्टी मिळाली. बेलायलीचा फटका सअद अल शीबने अडवला, पण परत आलेला चेंडू बेलायलीनेच आत ढकलला. घड्याळात भरपाई वेळेचे सतरावे मिनिट चालू होते. दुसऱ्या उपांत्य सामन्यात इजिप्तच्या अम्र अल सुलियाकडून भरपाई वेळेत स्वतःच्याच जाळ्यात चेंडू गेला आणि ट्युनिशिया १-० ने पुढे सरकला.

१८ डिसेंबरला, म्हणजे विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या बरोबर एक वर्ष आधी आणि कतारच्या राष्ट्रीय दिनी, अल बैतवर अंतिम सामना झाला. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. ९९ व्या मिनिटाला बदली म्हणून आलेल्या अमीर सयूदने दुरून मारलेला डाव्या पायाचा फटका जाळ्यात गेला. सौदीच्या अल ताईकडून खेळणारा हा गडी आफ्रिका-विजेत्या संघात नव्हता. तो जोडकामातल्या दुसऱ्या बाजूचा होता. शेवटच्या क्षणी बरोबरीच्या आशेने ट्युनिशियाचा गोलरक्षकही पुढे गेला आणि मोकळ्या गोलकडे धावत ब्राहिमीने २-० केले. ब्राहिमी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, म्बोल्ही सर्वोत्तम गोलरक्षक.

नंतरचा हिशेब

निवडीचा खरा निकाल करंडकावर लागत नाही, हे या प्रकरणात स्पष्ट दिसते. ब्राहिमी, बेलायली, बुनेजाह, बेनलामरी आणि म्बोल्ही डिसेंबरचे सामने खेळून थेट बेलमादींच्या मुख्य संघात कॅमेरूनला गेले. तेथे गतविजेत्या अल्जीरियाने सिएरा लिओनशी गोलशून्य बरोबरी केली, मग इक्वेटोरियल गिनीविरुद्ध ०-१ आणि आयव्हरी कोस्टविरुद्ध १-३ असा पराभव पत्करला आणि गटात तळाला राहून संघ घरी परतला. मार्चमध्ये घरच्याच ब्लिदा येथे कॅमेरूनने जादा वेळेच्या अखेरच्या क्षणी गोल करून त्यांचा विश्वचषकाचा रस्ताही बंद केला. डिसेंबरच्या दमणुकीमुळे हे झाले असे सिद्ध करता येणार नाही; कॅमेरूनमधील डुआला शहराचा दमट उकाडा आणि तिथले खराब मैदान हीही कारणे होती. पण ज्या पाच जणांमुळे अरब चषक मिळाला त्यांना श्वास घ्यायला तीन आठवडेच मिळाले, आणि हा खर्च महासंघाने आधी हिशेबात धरला होता असे दिसत नाही.

इजिप्तचे उलट झाले. चौथ्या स्थानावर राहिलेला कैरोज यांचा संघ सलाहसह पुन्हा उभा राहिला आणि आफ्रिका चषकाच्या अंतिम फेरीत सेनेगलकडून शूटआउटमध्येच हरला. सर्वांत मोठा चकवा कतारला बसला. इजिप्तला शूटआउटमध्ये हरवून मिळवलेले तिसरे स्थान त्यांना तयारीची पावती वाटली. एका वर्षाने विश्वचषकात इक्वेडोर, सेनेगल आणि नेदरलँड्सविरुद्धचे तिन्ही सामने गमावणारा तो पहिला यजमान ठरला. प्रतिस्पर्धी अर्ध्या ताकदीने आलेले असताना पूर्ण ताकदीने खेळलेल्या संघाला स्वतःविषयी फारसे काही कळत नाही. याची जाणीव मैदाने तपासण्यात गुंतलेल्या यजमानांना झाली नसावी.

खेळाडूंसाठी मात्र स्पर्धेने दारे उघडली. बेलायली २०२२ च्या सुरुवातीलाच कतार सोडून फ्रान्सच्या ब्रेस्टला गेला. अमूतांच्या संघातला बेनून विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणाऱ्या मोरोक्कोच्या संघात होता, आणि स्वतः अमूतांनी २०२४ मध्ये जॉर्डनला आशिया चषकाच्या अंतिम फेरीत नेले.

विंडोबाहेरच्या स्पर्धेची ही डोकेदुखी भारतीय वाचकाला अपरिचित नाही. २०२३ च्या हांगझाऊ आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वेळी इंडियन सुपर लीगच्या क्लबांनी खेळाडू सोडायला खळखळ केली आणि सुनील छेत्रीच्या नेतृत्वाखाली ऐन वेळी जमवलेला संघ पहिल्याच सामन्यात चीनकडून १-५ असा हरला. अल्जीरियाच्या हाती जो मधला पर्याय होता, म्हणजे मोठ्या सामन्यांचा अनुभव असलेले पण परदेशी क्लबांतून सहज सुटू शकणारे खेळाडू, तो भारताकडे मुळातच नव्हता.

फिफाने २०२५, २०२९ आणि २०३३ च्या स्पर्धाही कतारलाच दिल्या. २०२५ ची स्पर्धा डिसेंबरच्या १ ते १८ तारखांना झाली आणि २१ डिसेंबरला मोरोक्कोत आफ्रिका चषक सुरू व्हायचा होता. पेच तोच, फक्त अधिक घट्ट. या वेळी मोरोक्कोने तारिक सेक्तिवी यांचा चान-विजेता संघ पाठवला आणि त्यात सौदीच्या अल शबाबकडून खेळणारा अनुभवी आघाडीपटू अब्दुररझ्झाक हमदल्लाह याला घातले. लुसैलमधील अंतिम सामन्यात जॉर्डनविरुद्ध जादा वेळेत ३-२ असा विजय मिळाला, तेव्हा निर्णायक गोल हमदल्लाहचाच होता.